घंटी माणसांसाठी, भोंगा गाड्यांसाठी



आज आपल्या कार्यक्रमात कर्जाचे हप्ते नाहीत आणि पापड-लोणच्याचा हिशोबही नाही. आज आम्ही सायकलच्या घंटीची गोष्ट सांगणार आहोत. गटाच्या बैठकीत घंटीचा विषय कसा निघाला, ते आधी सांगतो.

गेल्या गळीत हंगामात आमच्या गटातल्या एक ताई पहाटे डेअरीत दूध घालायला निघाल्या होत्या. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेले. अजून उजाडलं नव्हतं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. ताईंनी घंटी वाजवली, वाजवतच राहिल्या. पण ट्रॅक्टरवर गाणी लावलेली होती. पहिली ट्रॉली नीट पुढे गेली, दुसरी झोल खात बाजूला आली. ताई साईडपट्टीवरून खाली चारीत पडल्या. दूध गेलं, पायाचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाल्याला तर काही झाल्याचा पत्ताही नव्हता.

घरच्यांनी निकाल दिला, “आता सायकल बंद.” सायकल बंद म्हणजे दूध दुसऱ्या कुणाच्या हाती, आणि दुधाचे पैसेही दुसऱ्या कुणाच्या हाती. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ताई कुबडी टेकत आल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, एवढंच विचारलं, “मी घंटी वाजवली होती. मग ती ऐकू का गेली नाही?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आमच्यापैकी एक-दोघींचा बी.ए.ला इतिहास होता. म्हणून ठरवलं, ही घंटी सायकलवर आली कशी आणि कुणासाठी, हे शोधून काढायचं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

रस्त्यावर आवाज करत जाणं आपल्याला नवीन नाही. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या, त्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या. रात्रीच्या वाटेवर समोरच्याला गाडी येतेय हे आधी कळायचं. टपाल पळत नेणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं बांधलेली असत. त्यांच्या आवाजाने जनावर बाजूला होई आणि गावाला कळे की डाक आली. म्हणजे येणाऱ्याने आपली चाहूल द्यायची, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

सायकल मात्र परदेशातून आली. १८१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचं लाकडी यंत्र केलं. त्याला पायडल नव्हते, बसायचं आणि पायाने जमीन रेटत जायचं. १८६० नंतर फ्रान्समध्ये पायडल लागले. त्या सायकलींच्या चाकांवर लोखंडी धाव असायची, आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते तशी. दगडी रस्त्यावर ती इतकी खडखडायची की इंग्लंडात तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणत. अशा गाडीला घंटी कशाला लागेल? तिचा खडखडाट हीच तिची वर्दी.

मग सायकल हळूहळू सुधारत गेली. १८७७ मध्ये इंग्लंडच्या जॉन डेडिकोट यांनी सायकलच्या घंटीचं पेटंट घेतलं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. आज आपण चालवतो ती सायकल तिच्याच वंशातली. तोवर पुढचं चाक पुरुषभर उंच असायचं, त्यावर चढणं घेरदार झग्यातल्या बाईला अवघडच होतं. रोव्हरसारखी ठेंगणी सायकल आली आणि तिकडच्या बायका मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या.

आता १८८८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी तो टायर केला होता. त्या टायरने सायकलचे हादरे गेले, पण खडखडाटही गेला. सायकल मांजरासारखी बिनआवाजी झाली. आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने स्थानिक कारभाराचा एक कायदा केला. त्यात एक कलम असं होतं: सायकल हे वाहन आहे, आणि पायी चालणारा, घोडा किंवा गाडी यांच्या पुढे जाण्याआधी सायकलस्वाराने घंटी किंवा शिट्टी वाजवून, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी आवाजाने पुरेशी सूचना दिली पाहिजे.

आमच्या बैठकीत हे कलम समजावून सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, “म्हणजे घंटी जोरात जाणाऱ्याने हळू जाणाऱ्यासाठी वाजवायची होती की!” बरोबर तेच. त्या काळी माणूस पायी आणि सायकल वेगाची. घंटीचा अर्थ होता, ‘मी येतोय, तुम्हाला धक्का लागू नये म्हणून सांगतोय.’ ते वेगाने जाणाऱ्याचं कर्तव्य होतं. चार-सहा पावलांवरच्या उघड्या कानापर्यंत पोचेल एवढाच तिचा आवाज होता, आणि तेवढा पुरत होता.

मोटार आली आणि चित्र बदललं. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. तिथे लोकांना मोटारीतून फेरी मारून दाखवत होते. त्यातल्या एका मोटारीखाली सापडून ती मेली. मोटारीच्या धडकेने ब्रिटनमध्ये गेलेली ही पहिली पादचारी. मोटार काही फार वेगात नव्हती. चालकाने घंटा वाजवली होती, बाजूला व्हा म्हणून ओरडलाही होता, असं चौकशीत पुढे आलं. पण ती बाई गोंधळून जागीच उभी राहिली. तो अपघाती मृत्यू ठरला. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने बोलून दाखवली.

आमच्या ताईंनी हे ऐकलं आणि बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिला ऐकू गेलं तरी ती वाचली नाही, आणि त्याला ऐकू गेलं नाही म्हणून मी पडले.” नुसत्या आवाजाने अपघात टळत नाही, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

पुढे मोटारी वाढल्या तसा आवाजही वाढत गेला. रबरी फुगा दाबला की पों करणारा भोंगा आला. अमेरिकेत मिलर रीज हचिसन यांनी विजेवर चालणारा कर्कश भोंगा केला, तो १९०८ पासून ‘क्लॅक्सन’ नावाने विकला जाऊ लागला. आत छोटी मोटर, तिच्यावर दात्यांचं चाक, ते चाक पातळ पत्र्याला टकटक मारत फिरायचं आणि पत्रा किंचाळायचा. गंमत म्हणजे याच हचिसन यांनी आधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवरचं श्रवणयंत्र केलं होतं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा हल्ला आला की खंदकातल्या सैनिकांना सावध करायला असेच भोंगे वाजवत. वायूचा इशारा देणारा आवाज रोज रस्त्यावर वाजू लागला तर काय होणार? घंटीतलं ‘सांभाळा’ मागे पडलं आणि ‘बाजूला हो’ तेवढं उरलं.

आपल्याकडे सायकली आधी विलायतेहून यायच्या. स्वातंत्र्यानंतर इथे कारखाने उभे राहिले: १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. बायकांसाठी मधला दांडा खाली वाकवलेली लेडीज सायकल आली. लुगड्याचा पदर अडकू नये म्हणून तिच्या मागच्या चाकाला जाळी आणि साखळीला झाकण. घंटी मात्र तीच राहिली, अंगठ्याने दाबायची. रस्त्यावर सायकली आणि बैलगाड्याच जास्त होत्या, तोवर ती पुरलीही.

बायका आणि सायकल म्हटलं की पुदुकोट्टईचं नाव घ्यायलाच हवं. तमिळनाडूच्या या जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी बायकांना सायकल शिकवणं हा चळवळीचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. सुरुवातीला या बायकांना टोमणे आणि अचकटविचकट बोलणी ऐकावी लागली. पुढे लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं, हा त्यांना उलट फायदाच वाटला.

आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. आपल्या कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलीमुळे सुटली नाही. पण त्या मुली ज्या रस्त्याने जातात तो आता पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वी सायकल रस्त्यावरची वेगवान होती, आज तीच सगळ्यांत हळू आहे. इंग्लंडच्या त्या कलमाप्रमाणे पाहिलं तर सूचना मागून येणाऱ्या ट्रकने द्यायची आणि आपल्याला सांभाळून पुढे जायचं. प्रत्यक्षात तो आपल्याला बघतोय का, याचीच खात्री नसते. म्हणून हळू जाणाऱ्याला ओरडून सांगावं लागतंय, ‘मी इथे आहे.’ जी घंटी पायी माणसासाठी केली होती, तिच्याकडून आपण हे काम मागतोय. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. घंटीचा आवाज बारीक असतो, तो इंजिनाच्या घरघरीत आणि गाण्यांत बुडतो. बंद काचेतूनही बारीक आवाज फारसा आत जात नाही, जाडा आवाज जास्त जातो.

मग बैठकीत प्रश्न आला, सायकलला मोठा हॉर्न लावायचा का? वाद झाला. एकीचं म्हणणं, आधीच रस्त्यावर इतका गोंगाट, त्यात आपली भर कशाला? म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या राज्याने २०१५ मध्ये ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, ती याच कारणाने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. मोटारींना अनेक सुरांचा किंवा कर्कश हॉर्न चालत नाही. दवाखाना, शाळा आणि कोर्ट यांच्याभोवतीचं किमान १०० मीटरचं अंतर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. दुसरी म्हणाली, “लोक म्हणतील, बाईमाणूस भोंगा वाजवत चालली.” यावर आमच्या ताईच बोलल्या, “चारीत पडले तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. बघायलाही कुणी नव्हतं.”

मग निर्णय झाला. बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून जमलेल्या दंडाच्या पैशांतून रोज सायकल चालवणाऱ्या चौघींना चार्जिंगचे, एका सुराचे हॉर्न घेतले. शहरात हवेच्या बाटलीचा हॉर्नही मिळतो. त्यात सायकलच्या पंपाने हवा भरायची. त्याचा आवाज ११५ डेसिबलपर्यंत जातो असं सांगतात. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते, तेव्हा तो कुणाच्या कानाशी वाजवायची चीज नाही.

हॉर्न घेतले तसे नियमही केले. जुनी घंटी काढायची नाही. माणसांसाठी, पोरासोरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी घंटीच वाजवायची. हॉर्न फक्त गाड्यांसाठी, तोही आधीच; गाडी अंगावर आल्यावर हात ब्रेकवर हवा, बटणावर नाही. हॉर्न वाजवला म्हणजे समोरच्याने ऐकलं असं धरून चालायचं नाही, ब्रिजेटबाईची आठवण ठेवायची. आणि हॉर्नच्या आधी मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा, कारण गाणी लावलेल्या ट्रॅक्टरवाल्याचे कान बंद असले तरी डोळे उघडे असतात. उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आले की सरळ खाली उतरून उभं राहायचं. तिथे हक्क सांगत बसायचं नाही.

या हंगामात आम्ही आणखी एक काम केलं. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना बोलावलं, त्यातले काही आमचेच दीर-भाचे. ताईंनी त्यांना पाय दाखवला आणि सांगितलं, “भोंगा आम्ही लावलाय, पण पुढे जाताना वर्दी तुम्ही द्यायची असते. आणि पहाटे गाणी बारीक ठेवा.” चार-पाच जण ऐकतायत, बाकीच्यांना पुन्हा सांगावं लागेल.

ताई आता परत डेअरीत जातात. वेशीपर्यंत घंटी वाजते आणि डांबरी रस्ता लागला की हॉर्न. परवा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “हॉर्न वाजला की मला कळतं, सून रस्त्याला लागली.”

मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या मुली कुठल्या रस्त्याने शाळेत जातात, त्यांच्या सायकलला घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर आहे का, हे उद्या सकाळी एकदा बघा. आणि पुढच्या बैठकीत हा विषय काढा. नमस्कार.