चिपवरची मोडी

नव्वदच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर जरा बाहेर गेले, की कुणीतरी ‘डिगर’ सुरू करायचं. माती पोखरत पाचू गोळा करायचे, आणि तेवढा वेळ सीपीयूच्या डब्यातल्या इवल्याशा स्पीकरमधून एक टणटणीत चाल वाजत राहायची. पुढे कितीतरी वर्षांनी तीच चाल मी सिंथेसायझरवर, भरघोस ठेक्यासकट ऐकली. कुणा चाहत्यानं ‘डिगर’चं रिमिक्स केलं असणार, अशी माझी खात्रीच झाली. पण ते होतं हॉट बटर या बँडचं १९७२ मध्ये गाजलेलं ‘पॉपकॉर्न’. गेर्शन किंग्सलीनं ही रचना १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरसाठीच केली होती, आणि ‘डिगर’ आला १९८३ मध्ये. मी ज्याला मूळ मानत होतो ती सिंथच्या चालीची एका आवाजात बसवलेली आवृत्ती होती.

हे आठवायचं कारण असं. जुन्या व्हिडिओ गेमच्या चालींची चाहते मंडळी ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपच्या बाजानं रिमिक्स करतात, आणि त्यांच्याविषयी जाणकारांत एक मत पक्कं रुजलं आहे. पूर्वपक्ष असा: या चाली चिपच्या मर्यादेतून जन्मल्या आणि ती मर्यादा हीच त्यांची शोभा. त्यांच्यावर सिंथचा साज चढवणं म्हणजे त्यांना परकं वस्त्र नेसवणं. आणि हा सगळा खटाटोप निव्वळ स्मरणरंजन, त्यात निर्मिती कसली?

मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. कमोडोर ६४ या संगणकाचंच उदाहरण घेतो, कारण तिथे वादाचा गाभा उघडा दिसतो.

‘परकं वस्त्र’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. १९८२ मध्ये आलेल्या या संगणकातली ‘सिड’ ही ध्वनिचिप बॉब यानेस यांनी रचली. त्यांना खेळण्यातला भोंगा बनवायचा नव्हता, सिंथेसायझर बनवायचा होता. तीन आवाज, प्रत्येक आवाजाचा उठाव आणि विराम वेगळा ठरवायची सोय, वर फिल्टर. हेच यानेस पुढे एन्सोनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक झाले. आणि या चिपसाठी लिहिणाऱ्यांच्या कानात काय घुमत होतं? मार्टिन गॅलवे यांनी १९८५ मध्ये ‘यी आर कुंग-फू’ या खेळासाठी झाँ-मिशेल जारचं सिंथवरचं संगीत घेतलं. रॉब हबर्ड यांनी ‘झॉइड्स’साठी लॅरी फास्टची सिंथवरची रचना चिपवर उतरवली, आणि १९८६ च्या ‘इंटरनॅशनल कराटे’त र्‍युइची साकामोतोचा सूर स्पष्ट ऐकू येतो. आता साकामोतो ज्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचे, तिच्या १९७८ च्या पहिल्याच अल्बममध्ये आर्केडमधल्या खेळांचे आवाज सिंथवर वाजवलेले आहेत. त्याच बँडच्या हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्ये नामकोच्या खेळांच्या संगीताचा अल्बम काढला. म्हणजे सिंथ-पॉप आणि गेमचं संगीत यांची देवाणघेवाण पहिल्या दिवसापासूनची आहे. रिमिक्स करणारा बाहेरून काही आणत नाही. तो चालीला तिच्या माहेरी नेतो.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. चिपवरची चाल ही पूर्ण लिहिलेली चाल नाही, ती मोडी आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्दांचे संक्षेप फार. लिहिणाऱ्याच्या मनात शब्द पुरा असतो, कागदावर त्याची खूण उमटते. सिडचं तसंच. आवाज तीनच. एक चालीला, एक ठेक्याला आणि खर्जाला दिला, तर तीन सुरांची कॉर्ड उरलेल्या एकात बसवायची कशी? युरोपातल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं आणि संगीताचा प्रोग्रॅमही त्याच ठोक्यावर चालायचा. मग एकच आवाज दर ठोक्याला सूर बदलायचा: सा, ग, प, पुन्हा सा, ग, प. कानाला कॉर्डचा भास व्हायचा आणि वर ती ओळखीची थरथर. ठेक्याचंही असंच. ड्रमच्या आघाताचा खरखरीत आवाज क्षणभर वाजायचा आणि त्याच आवाजावर लगेच खर्जाचा सूर यायचा.

रिमिक्स करणाऱ्यासमोर हे असं येतं. ती थरथर म्हणजे कॉर्डचा संक्षेप मानून तिला संथ, पसरट सुरांत सोडवायचं, की ती आता चालीचंच अंग झाली म्हणून तशीच ठेवायची? एकाच रचनेत एका जागी एक उत्तर बरोबर असतं, दुसऱ्या जागी दुसरं. मोडीचं बाळबोध करणाऱ्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. तो प्रत्येक शब्दापाशी निर्णय घेतो, आणि त्या निर्णयातून त्याची भाषेची जाण कळते. इथेही तेच आहे.

मर्यादेच्या शोभेबद्दल माझा वाद नाही. तीन आवाजांत हबर्ड यांनी जे उभं केलं त्यापुढे मी हात जोडतो. पण ‘मूळ आवाज’ म्हणून ज्याला पवित्र मानलं जातं, तो एक नव्हताच. ६५८१ या क्रमांकाच्या सिडमधला फिल्टर चिपगणिक वेगळा वागायचा. एका घरी उजळ वाजणारी रचना शेजारच्या घरी दबलेली ऐकू यायची. पुढची ८५८० आली तेव्हा आवाजाची पातळी झपाझप बदलून वाजवलेले ड्रमचे नमुने जवळजवळ ऐकूच येईनात, कारण ती युक्ती जुन्या चिपच्या एका दोषावर उभी होती. मग यातलं मूळ कोणतं म्हणायचं?

राहिलं स्मरणरंजन. कमोडोर ६४ आमच्या घरी नव्हता, शेजारीपाजारीही नव्हता. आमच्याकडे आले ते टीव्हीला जोडायचे, कॅसेट खोचायचे व्हिडिओ गेम. हबर्ड यांच्या ‘सँक्शन’ची चाल मी आधी रिमिक्समध्येच ऐकली, चिपवरची मागाहून शोधून काढली. माझ्या बालपणाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तरी ती रुतली, ती चालीच्या बळावर आणि ती नीट वाचणाऱ्याच्या कानामुळे.

सगळीच रिमिक्स चांगली असतात असं मी म्हणत नाही. पुष्कळ वाईट आहेत, आणि ती नेमकी कुठे बिघडतात हे दाखवता येतं. चिपवर ड्रम आणि खर्ज एकाच आवाजात राहायचे, म्हणून आघात पडला की खर्ज क्षणभर गप्प. चालीला जी उसळी आहे ती त्या खंडातून येते. हातात हवे तेवढे ट्रॅक आले की कच्चा माणूस खर्ज अखंड वाजवतो, त्याखाली एकसारखा ड्रम ठोकतो, आणि चाल जड पावलांनी चालू लागते. ज्याला वाचता येतं तो खर्जाला स्वतंत्र ट्रॅक देतो, आणि ड्रम पडेल तिथे तो ट्रॅक हातानं कापून रिकामा ठेवतो.