सूर मोजायचा कसा? वॉर्सातील परीक्षकांची गोष्ट

#थ्रेड

१/१७
ऑक्टोबर १९८०, वॉर्सा. शोपाँ पियानो स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीचा निकाल लागला. अंतिम फेरीच्या यादीत बेलग्रेडच्या इव्हो पोगोरेलिचचे नाव नव्हते. परीक्षक मंडळातील मार्था आर्गेरिच यांनी हा वादक अलौकिक प्रतिभेचा असल्याचे सांगत राजीनामा दिला. १९६५ साली हीच स्पर्धा त्यांनी स्वतः जिंकली होती.

२/१७
त्याच मंडळातून आणखी एक ज्येष्ठ पियानोवादक आधीच बाहेर पडले होते : लुई केंटनर. त्यांची तक्रार नेमकी उलट होती. असा वादक पुढच्या फेरीत जातोच कसा? एकाच तरुणाला पुढे पाठवले म्हणून एक परीक्षक गेले आणि त्यालाच थांबवले म्हणून दुसऱ्या गेल्या. दोघेही जाणकार, दोघांचे कानही तयार. मग मोजले जात होते ते काय?

३/१७
या प्रश्नाचे मूळ स्पर्धेच्या जन्मातच आहे. पोलिश पियानोवादक व शिक्षक येझी झुराव्लेव यांना पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पिढी खेळांच्या चढाओढीत रमलेली दिसली. तीच चुरस संगीतात आणावी आणि शोपाँकडे तरुणांना वळवावे, ही त्यांची कल्पना. जानेवारी १९२७ मध्ये ८ देशांचे २६ वादक वॉर्सात जमले.

४/१७
विजेता ठरला सोव्हिएत संघाचा १९ वर्षांचा लेव्ह ओबोरिन. त्याच्याबरोबर आलेल्या २० वर्षांच्या दुसऱ्या एका तरुणाला केवळ सन्मानपत्रावर समाधान मानावे लागले. त्याचे नाव दिमित्री शोस्ताकोविच. विसाव्या शतकातील थोर संगीतरचनाकारांत पुढे त्याची गणना झाली. पहिल्याच स्पर्धेत निकाल आणि भविष्य यांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या.

५/१७
चुरस खेळाकडून घेतली, पण खेळाचे माप सोबत आले नाही. उंच उडीत दांडी पडते किंवा राहते. वाद तिथेच मिटतो. पियानोवर चुकलेले स्वर मोजता येतात, पण या पातळीवर येणारे वादक स्वर फारसे चुकत नाहीत. निवड करायची ती अचूक वाजवणाऱ्यांतूनच.

६/१७
त्यातून शोपाँची रचना परीक्षकाला अधिकच अडचणीत टाकते. तिचा प्राण आहे ‘रुबाटो’, म्हणजे लयीला किंचित रेंगाळू देणे, किंचित पुढे सरकू देणे. डाव्या हाताने ताल राखावा आणि उजव्या हाताने मोकळे गावे, अशी शोपाँची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवली आहे. पण किती मोकळे? हे प्रमाण कागदावर लिहिलेले नसते. एकाला जे भावपूर्ण वाटते, तेच दुसऱ्याला बेशिस्त वाटते.

७/१७
१९३२. दुसऱ्या स्पर्धेत अलेक्झांडर उनिन्स्की आणि हंगेरीचा अंध वादक इम्रे उंगार यांचे गुण समसमान झाले. इतक्या फेऱ्या, इतके कान, इतकी बेरीज. आणि अखेरीस काय? नाणे उडवले गेले. कौल उनिन्स्कीच्या बाजूने लागला आणि उंगार दुसरा ठरला. संगीताच्या इतिहासात दैवाला इतक्या उघडपणे परीक्षकाचा मान क्वचितच मिळाला असेल.

८/१७
१९४९. युद्धाने वॉर्सा बेचिराख केले होते. पूर्वीच्या स्पर्धा जिथे झाल्या, ते फिलहार्मोनिक सभागृहही उरले नव्हते. शोपाँच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना स्पर्धा पुन्हा भरली आणि एक नवा प्रयोग झाला : सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षक आडोशामागे बसले. वादक कोण, कुठल्या देशाचा, दिसतो कसा, हे कळू नये. कानावर पडेल तेवढेच खरे.

९/१७
तरीही निर्णय एकावर स्थिरावला नाही. पोलंडची हालिना चेर्नी-स्टेफान्स्का आणि सोव्हिएत संघाची बेला डेव्हिडोव्हिच यांना पहिले पारितोषिक विभागून देण्यात आले. आडोशाने वादकाचा चेहरा झाकला, परीक्षकाची आवड काही झाकली गेली नाही. ती प्रत्येकाच्या कानातच बसलेली असते.

१०/१७
१९५५. पहिला आला पोलंडचा आदाम हाराशेविच. दुसरा, १७ वर्षांचा व्लादिमिर अश्केनाझी. परीक्षक मंडळातील विख्यात इटालियन पियानोवादक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांना हा क्रम मान्य नव्हता. त्यांनी निकालपत्रावर सही करण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी अश्केनाझीने ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली.

११/१७
असे मतभेद कागदावर उतरले की काय होते, ते साध्या गणिताने कळते. समजा, कमाल गुण २५ आहेत. एका वादकाला सगळेच २० देतात. दुसऱ्याला निम्मे परीक्षक २५ देतात, निम्मे १०. पहिल्याची सरासरी २०, दुसऱ्याची साडेसतरा. निम्म्या मंडळाला जो सर्वश्रेष्ठ वाटला तो बाहेर आणि जो कुणालाच सर्वश्रेष्ठ वाटला नाही तो पुढे. यात लबाडी कुणाचीच नाही. सरासरीचा स्वभावच तसा आहे.

१२/१७
पोगोरेलिच हा नेमका असा, मंडळ दुभंगणारा वादक होता. कच्चा मुळीच नव्हता. १९७८ मध्ये इटलीतील तेर्नीची आणि १९८० मध्येच मॉन्ट्रियलची स्पर्धा तो जिंकून आला होता. पण त्याचा शोपाँ रूढ वळणाचा नव्हता. लयीची आणि आवाजाची टोके तो इतकी ताणायचा की ऐकणाऱ्याला मधली जागा उरत नसे. मंडळाने त्याला थांबवले. लवकरच डॉइच ग्रामोफोन या मातब्बर कंपनीने त्याची शोपाँची ध्वनिमुद्रिका काढली आणि हरलेला तरुण जगभर गाजला.

१३/१७
या गदारोळात एक नाव मात्र झाकोळले : त्या वर्षीच्या विजेत्याचे. दांग थाय सोन, जन्म १९५८, हनोई. पियानोचे पहिले धडे आईकडून, पियानोवादक थाय थी लिएन यांच्याकडून. अमेरिकी बाँबवर्षावाच्या काळात हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवावी लागली. पियानो रेड्यांच्या गाडीवरून नेले गेले. त्या खेड्यात हा मुलगा शिकला आणि पुढे मॉस्कोला गेला.

१४/१७
शोपाँ स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई वादक. माझुर्का, पोलोनेझ आणि कन्चेर्तो या तिन्ही प्रकारांची विशेष पारितोषिकेही त्यालाच मिळाली. आर्गेरिच यांनी राजीनामा दिला तेव्हा अंतिम फेरी व्हायची होती. त्यांचा निषेध पोगोरेलिचला वगळण्याबद्दल होता, दांगच्या विजयाबद्दल नव्हे. तरीही १९८० म्हटले की आजही आधी आठवतो तो हरलेला. अन्यायाची चर्चा करतानाही एकावर अन्याय होऊन गेला.

१५/१७
त्यानंतरही पेच सुटला नाही. १९९० आणि १९९५ साली मंडळाला पहिल्या क्रमांकाला योग्य असा कुणीच वाटला नाही. ते पारितोषिक दिलेच गेले नाही. २०१५ मध्ये गुणपत्रके प्रसिद्ध झाली. दक्षिण कोरियाचा सेऑंग-जिन चो अंतिम फेरीत बहुतेकांकडून भरघोस गुण मिळवून जिंकला होता. पण १७ परीक्षकांपैकी फ्रान्सचे फिलिप आँत्रमाँ यांनी त्याला १० पैकी फक्त १ गुण दिला होता.

१६/१७
म्हणून नियमांचे कुंपण लागते. २०२१ च्या स्पर्धेत परीक्षकाला स्वतःच्या शिष्याला गुण देता येत नव्हते. सरासरीपासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेला गुण त्या मर्यादेपर्यंत ओढून आणला जाई. आकसाला आणि पक्षपाताला यामुळे लगाम बसतो. पण नियमाला हेतू ओळखता येत नाही. आकसाने दिलेला नीचांक आणि ‘हा असामान्य आहे’ असे एकट्यानेच ओळखून दिलेला उच्चांक, दोन्हींना तो सारखाच छाटतो.

१७/१७
२०२१ चा विजेता होता कॅनडाचा ब्रूस लिउ. त्याचे गुरू त्या वर्षी परीक्षक मंडळात होते : दांग थाय सोन. शिष्याच्या नावापुढे गुण लिहिण्याची त्यांना मुभा नव्हती. नाणे, आडोसा, सरासरी, मर्यादा. सुमारे शंभर वर्षांत वॉर्साने बरेच उपाय करून पाहिले. त्यांतून निवाडा अधिक स्वच्छ होत गेला, अचूक मात्र झाला नाही. परीक्षक मंडळ एवढेच सांगू शकते की त्या दिवशी, त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना काय ऐकू आले. उरलेला निकाल काळ लावतो, आणि त्यालाही कधी कधी शोस्ताकोविचसारखा उशीर लागतो.