ह्या गाडीचा भाग त्या गाडीला

फेब्रुवारी १९०८ च्या अखेरीस लंडनजवळच्या ब्रुकलँड्स शर्यतीच्या मैदानावर तीन कॅडिलॅक गाड्या आल्या. डेट्रॉइटमध्ये बनलेल्या या गाड्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या अधिकाऱ्यांनी लंडनचे विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांच्या साठ्यातून स्वतः निवडल्या होत्या. आधी त्या धावपट्टीवर चालवून पाहिल्या, मग तिन्ही पार खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ तुकडे झाले. तिघींचे भाग एकत्र कालवले गेले. त्यांतले ८९ भाग क्लबने बाजूला काढले आणि त्यांच्या बदली विक्रेत्याच्या साठ्यातले सुटे भाग दिले. आता मेकॅनिकांच्या हाती फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर होते. कानस चालवायची नाही, घासूनपुसून काही बसवायचं नाही, अशी अट होती. गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे रंग एकमेकींत मिसळले होते, पण इंजिनं सुरू झाली आणि तिन्ही गाड्या ५०० मैल धावल्या.

त्या काळात हे कौतुक साधं नव्हतं. मोटार म्हणजे कुशल फिटरांनी एकेक भाग घासत, जुळवत उभी केलेली वस्तू होती. एका गाडीचा गिअर त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गाडीत बसेल याची खात्री मालकही देत नसे. क्लबने कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी दिली. या यशामागे हेन्री लेलँड होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात त्यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम केलं होतं. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, ही शिस्त त्यांनी तिथे पाहिली आणि पुढे मोटारीच्या कारखान्यात आणली.

आज कुणी पंचाहत्तर वर्षांची अमेरिकन गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो, तेव्हा तो ब्रुकलँड्सचीच परीक्षा नव्याने देत असतो. फरक एवढाच की त्याचा सुट्या भागांचा साठा एका कपाटात नसतो, तो सगळ्या खंडभर विखुरलेला असतो. तो साठा शोधायचा कसा, ओळखायचा कसा आणि कशाच्या जागी काय चालतं हे ठरवायचं कसं, यातून अमेरिकेत एक स्वतंत्र धंदा उभा राहिला.

त्याची सुरुवात फोर्डच्या मॉडेल टीपासून झाली. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीच्या वर बनली. एकोणीस वर्षं तेच इंजिन, त्याच मापाचे सिलिंडर. एवढ्या गाड्या खेड्यापाड्यांत पसरल्या म्हटल्यावर त्यांचे सुटे भाग विकणं हाच मोठा व्यवसाय झाला. जॉर्ज पेपरडाइन यांनी १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत वेस्टर्न ऑटो ही टपालाने माल पाठवणारी पेढी काढली आणि मॉडेल टीच्या मालकांना घरपोच सामान दिलं. शिकागोत इझ्राएल वॉर्शॉस्की या लिथुएनियाहून आलेल्या माणसाने १९१५ मध्ये भंगाराचा धंदा सुरू केला. जे. सी. व्हिटनी या नावाने घराघरांत पोचलेला जाडजूड कॅटलॉग त्याच धंद्यातून निघाला.

भंगारवाल्याचं काम वरवर सोपं दिसतं. गाडी येते, उघडते, विकली जाते. खरी अडचण ज्ञानाची होती. गिऱ्हाईक १९३१ च्या गाडीचा ॲक्सल मागतो, मालकाकडे १९२९ चा आहे. चालेल की नाही? हे सांगणारा माणूस त्या आवाराचा खरा धनी होता, आणि तो नसला की आवारात माल असूनही धंदा अडे. १९३४ मध्ये रॉय हॉलंडर यांनी यावर उत्तर काढलं आणि कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या दुसऱ्या गाड्यांना चालतो याची सूची छापली. हॉलंडरची ही ‘इंटरचेंज’ पुस्तकं पुढे दरवर्षी वाढत गेली आणि अमेरिकेतल्या मोडीच्या आवारांमध्ये रोज लागणारी वस्तू बनली. जुन्या गाड्या सावरणारे लोक तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या आजही जपून ठेवतात, कारण ताज्या आवृत्तीत जुन्या गाड्यांना जागा उरत नाही.

मग युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि १९४५ पर्यंत बंदच राहिलं. देशभर भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. शेतात, कोठारामागे पडलेल्या जुन्या गाड्या भट्टीत गेल्या. त्याच वेळी चालू गाड्या टिकवण्यासाठी जुन्या गाड्यांचे भाग काढून घेतले जात होते. आज विसाव्या-तिसाव्या दशकातल्या काही गाड्यांचा एखादा भाग सापडत नाही, त्याचं एक कारण या तीन-चार वर्षांत आहे.

युद्धानंतर या जुन्या गाड्यांकडे प्रेमाने पाहणारी पिढी पुढे आली. इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी अर्नेस्ट हेमिंग्ज हे फोर्डच्या जुन्या भागांचे व्यापारी होते. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ चालू केलं. चार पानं, चक्रमुद्रित, आणि सगळ्या जाहिराती: विकणे आहे, हवे आहे. मॉन्टानातल्या शेतकऱ्याकडचा रेडिएटर न्यूजर्सीतल्या माणसाला मिळू लागला, तो अशाच पानांमुळे. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाचा शरद मेळावा भरला. तिथे सुटे भाग मांडून बसलेले विक्रेते होते अवघे सात.

आज ऑक्टोबरमधल्या हर्शीच्या बाजारात हजारो विक्रेते असतात आणि रांगा मैलोन्‌मैल जातात. तिथे जाणारा तयारीने जातो. हाती कॅलिपर, पिशवीत घरचा तुटका नमुना, खिशात मापं आणि भागांचे क्रमांक. काही जण पाठीवर पाटीच लावून फिरतात: अमुक सालच्या अमुक गाडीचा कार्बोरेटर हवा. एखादा भाग गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात पडलेला असतो, तर एखादा कारखान्याच्या मूळ खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेला. हा दुसरा प्रकार म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’. बनवून सत्तर वर्षं झाली, पण कधी वापरलाच नाही. हर्शीचे नियम जुन्या गाड्यांना धरून होते, म्हणून युद्धानंतरच्या गाड्यांसाठी १९७४ मध्ये जवळच कार्लाइल इथे वेगळा मेळावा सुरू झाला.

या बाजारात डोळ्यांपेक्षा क्रमांकावर जास्त विश्वास ठेवावा लागतो. १९६० च्या दशकातल्या फोर्डच्या भागांचा क्रमांक वाचायला शिकलेला माणूस अर्धी लढाई जिंकतो. क्रमांक ‘सी५झेडझेड’ने सुरू होत असेल, तर ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘५’ म्हणजे १९६५, पहिला ‘झेड’ म्हणजे मस्टँग आणि दुसरा ‘झेड’ म्हणजे दुरुस्तीसाठी विकलेला भाग. पण मस्टँग ही गाडी कोऱ्या कागदावर जन्मली नव्हती. फोर्डने ती साध्यासुध्या फाल्कनच्या यंत्रभागांवर उभी केली होती. त्यामुळे तिच्या कित्येक भागांवर फाल्कनचं ‘डी’ हे अक्षर असतं. मस्टँगच्या नावाने महाग विकला जाणारा भाग शेजारच्याच मांडवात फाल्कनच्या खोक्यात निम्म्या किमतीत मिळू शकतो. ज्याला हे अक्षर माहीत, त्याचे पैसे वाचतात.

शेवरलेटचा व्ही-८ हे अदलाबदलीचं सर्वांत मोठं उदाहरण. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं हे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन १९५५ च्या गाड्यांत २६५ घनइंचांचं होतं. १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० घनइंच अशी त्याची मापं वाढत गेली. पण गिअरबॉक्स जोडण्याच्या बोल्टांची मांडणी तीच राहिली. त्यामुळे ३५० चं इंजिन १९५५ च्या गाडीत बसवणाऱ्यांची गणती नाही. उलटा प्रवास मात्र अडतो. १९५५ च्या ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची सोयच नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. १९५८ पासून इंजिन बाजूच्या पायांवर टेकू लागलं, आणि आधीच्या ब्लॉकला ते पाय बसवायला जागाच नाही. थोडक्यात, नवं जुन्यात जातं, जुनं नव्यात जात नाही. मेळाव्यात ब्लॉक विकत घेणाऱ्याने आधी या खुणा पाहायच्या.

दिसायला सारख्या गाड्याही फसवतात. १९५५ आणि १९५६ ची फोर्ड शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. पण पहिलीची वायरिंग सहा व्होल्टची आणि तिच्या बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं. दुसरी बारा व्होल्टची आणि तिचं ऋण टोक सांगाड्याला. दिवे, स्टार्टर, डॅशबोर्डवरचे काटे, काहीच परस्पर बदलता येत नाही. पत्रा चालतो, वीज चालत नाही.

ज्या गाड्या थोड्या बनल्या त्यांची कथा वेगळी. १९३६-३७ च्या कॉर्ड ८१० आणि ८१२ या गाड्या मिळून तीन हजारांच्या आसपासच बनल्या. बॉनेटच्या बाजूंना मडगार्डमध्ये मिटणारे त्यांचे दिवे मुळात स्टिन्सन विमानाच्या दिव्यांवरून घेतलेले. कंपनी १९३७ मध्ये बंद पडली आणि तिचा उरलेला माल हातोहात फिरत राहिला. १९६० मध्ये ओक्लाहोमातल्या ग्लेन प्रे या शाळामास्तरांनी ऑबर्न, कॉर्ड आणि ड्युझेनबर्ग यांच्या सुट्या भागांचा उरलेला साठा विकत घेतला आणि शेकडो टन लोखंड ब्रोकन ॲरो या गावी नेलं. ते नसते तर जगातल्या कित्येक कॉर्ड आज संग्रहालयातही उभ्या राहिल्या नसत्या. त्यांच्याआधी प्रेस्टन टकर यांनीही कॉर्डकडेच धाव घेतली होती. १९४८ ची त्यांची नवीकोरी टकर गाडी, जेमतेम ५१ बनलेली, तिच्या काही गाड्यांत मोडीत गेलेल्या कॉर्डचे गिअरबॉक्स दुरुस्त करून बसवले होते.

अदलाबदलीची ही परंपरा एका टोकाला अस्सलपणाच्या हट्टाशी येऊन भिडते. शेवरलेटच्या इंजिनावर ओतकामाची तारीख असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. पुढच्या बाजूला कारखान्याचा शिक्का, आणि नंतरच्या वर्षांत गाडीच्या क्रमांकाचा अंश. हे सगळं जुळलं तर ती ‘मॅचिंग नंबर्स’ गाडी, आणि तिची किंमत कितीतरी पटीने वाढते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने ही तपासणी इतकी बारीक केली की बोल्टच्या डोक्यावरची खूणही गुण मिळवून देते. पैसा आला तसे खोटे शिक्के मारणारेही आले. म्हणून आज जाणकार आधी शिक्क्याखालच्या पृष्ठावर कारखान्याच्या यंत्राचे ओरखडे आहेत का, ते बघतात. दुसरीकडे लोकप्रिय गाड्यांचं सगळंच नव्याने बनतं. ओहायोतली ब्रुकव्हिल ही कंपनी १९३२ च्या फोर्ड रोडस्टरची पोलादी बॉडी आजही कोरी बनवून देते.

मुंबईचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. फोर्डने १९२६ मध्ये इथे कंपनी काढली, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लीमथ, डीसोटो जोडायला घेतल्या. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा उरली नाही आणि दोन्ही अमेरिकन कंपन्या निघून गेल्या. गाड्या मात्र इथेच राहिल्या. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. फोर्ड इंडिया ही तर फोर्ड ऑफ कॅनडाची शाखा होती. त्यामुळे मुंबईतल्या जुन्या फोर्डसाठी डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगचा भाग हर्शीत मिळणं कठीण. तो ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेत शोधावा लागतो. इंजिनाचे भाग मात्र अमेरिकेतून आणून चालतात.

आयात बंद असलेल्या दशकांत इथल्या मिस्त्रींनी लेथवर बुश कातले, दुसऱ्या गाड्यांचे पंप बसवले, पेट्रोल परवडेना तेव्हा थेट डिझेल इंजिनं घातली. कुर्ल्याच्या आणि चोर बाजाराच्या गल्ल्यांतून मिळेल ते आणलं. त्या जुगाडांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्यामुळेच त्या गाड्या भंगारात न जाता आपल्यापर्यंत आल्या. नुकसान झालं ते एकाच बाबतीत: काय काढलं आणि त्या जागी काय घातलं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

ही नोंद अजूनही करता येईल. घरात किंवा गॅरेजात जुनी अमेरिकन गाडी असेल, तर इंजिन, चासी आणि गिअरबॉक्सवरचे क्रमांक आजच फोटोसह वहीत उतरवून ठेवावेत. बदललेला मूळ भाग तुटका असला तरी चिठ्ठी बांधून गाडीसोबतच ठेवावा, भंगारात देऊ नये. वडिलांच्या, आजोबांच्या काळातली सुट्या भागांची पुस्तकं आणि पावत्या टाकून देऊ नयेत. आणि ज्या मिस्त्रींनी ही कामं केली त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत, त्यांच्याकडे बसून कोणत्या गाडीला काय चाललं हे लिहून घ्यावं.