वेलिंग्टन, आर्थर वेलस्ली
वेलिंग्टन, आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ : (१ मे १७६९–१४ सप्टेंबर १८५२). प्रसिद्ध ब्रिटिश सेनानी, मुत्सद्दी व इंग्लंडचा पंतप्रधान. डब्लिन येथील एका सरदार घराण्यात जन्म. १७८७ मध्ये तो लष्करात दाखल झाला व १७९७ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढील वर्षी त्याचा वडील बंधू रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल झाला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर (१७९९) म्हैसूर प्रांताचा कारभार आर्थरकडे आला.

वसईच्या तहानुसार (१८०२) त्याने दुसऱ्या बाजीरावास १८०३ च्या मे महिन्यात पुण्याच्या गादीवर पुन्हा बसविले. शिंदे व नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. त्यातून दुसरे इंग्रज–मराठे युद्ध उद्भवले. वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर रोजी असई (जि. जालना) येथे केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात मोठी लढाई झाली. समोरासमोरची दोन गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे, हे ताडून त्याने नदी ओलांडली. मराठ्यांच्या तोफखान्याने निकराची झुंज दिली. इंग्रजांचे दीड हजारांवर सैनिक ठार वा जखमी झाले. तथापि मराठ्यांच्या बहुतेक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. उत्तरायुष्यातही त्याने असईच्या विजयास फार वरचे स्थान दिले. ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर व असीरगड घेतले. अडगाव (२९ नोव्हेंबर) व गाविलगड (१५ डिसेंबर) येथील विजयांनंतर देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले.

या मोहिमेची झळ खानदेशास तीव्रतेने बसली. होळकरांच्या फौजांनी आधीच उद्ध्वस्त केलेल्या या प्रांतात १८०३–०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. नशिराबादसारख्या समृद्ध कसब्यांच्या परिसरात गावे ओस पडली. सुर्जी-अंजनगावच्या तहाने असीरगड, बऱ्हाणपूर व त्यांच्याखालील खानदेशातील मुलूख शिंद्यांस परत मिळाला. परंतु शांतता आली नाही. इंग्रजी अंमल तेथे १८१८ मध्ये सुरू झाला. सेनापतीच्या कीर्तीचा पाया ज्या मोहिमेने घातला, तिच्या परिसरातील रयतेच्या वाट्याला मात्र उपासमार व परागंदा होणे आले.

१८०५ मध्ये तो मायदेशी परतला. स्पेन-पोर्तुगालमधील युद्धात (१८०८–१४) त्याने फ्रेंचांना मागे रेटले. १८१४ मध्ये त्यास ड्यूक हा किताब मिळाला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे प्रशियाच्या ब्ल्यूखरच्या साह्याने त्याने नेपोलियनचा निर्णायक पराभव केला.

टोरी पक्षाचा नेता म्हणून तो १८२८–३० दरम्यान पंतप्रधान होता. १८३४ च्या अखेरीस काही दिवस त्याने ते पद पुन्हा सांभाळले. आयर्लंडमधील यादवी टाळण्यासाठी त्याने स्वपक्षीयांचा रोष पतकरून कॅथलिकांवरील राजकीय निर्बंध दूर करणारा कायदा संमत करविला (१८२९). संसदीय सुधारणेस मात्र त्याने कडवा विरोध केला व त्यामुळे त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. रणांगणावर परिस्थिती पाहून पवित्रा बदलणाऱ्या या सेनानीस लोकमताचा बदलता प्रवाह तितक्याच अचूकपणे ओळखता आला नाही. वॉल्मर येथे तो मरण पावला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन करण्यात आले.