बस्त्यातील शेवटचे लुगडे

कामगार चळवळीतल्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर संपाचा इतिहास सांगावा. मुलीच्या आईने लग्नात काय नेसावे, या विषयाशी त्याचा काय संबंध, अशी शंका श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. पण आमचे सारे आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आहे, आणि जो कापडात राहतो त्याला कापड कोणाच्या अंगावर जाते आणि कोणाच्या जात नाही, हे पाहावेच लागते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला.

लग्न ठरले की आपल्याकडे बस्ता बांधतात. दोन्हीकडची माणसे दुकानात जातात, गादीवर बसतात आणि यादी काढतात. आधी नवरीचा शालू, मग नवरदेवाचा पोशाख. त्यानंतर वरमाय, करवल्या, आत्या, मावश्या, आजेचीर, मानाची लुगडी. यादी संपत आली, दुकानदाराने दोनदा चहा पाजला आणि पैशाची पिशवी सैल झाली, की कोणीतरी म्हणते, "अहो, मुलीच्या आईचे राहिले की!" मग ती बाई स्वतःच म्हणते, "माझे असू द्या, घरात आहे एक." आम्ही असे बस्ते पुष्कळ पाहिले आणि हे वाक्यही पुष्कळदा ऐकले. ते नम्रतेचे वाक्य आहे असे आम्ही पूर्वी समजत होतो. ते तसे नाही, त्याला मोठा इतिहास आहे. मुलीच्या आईने काय नेसावे हे ठरवणारे आजवर दुसरेच कोणीतरी होते, हा तो इतिहास.

प्रथम रूढीकडे पाहू. लग्नात वरमाय वधूच्या घरी येताना तिच्या वाटेवर परटाने कापड अंथरावे आणि तिने त्यावरून चालत यावे, अशी चाल होती. त्याच पायघड्या. आज आपण मंत्र्यालाही पायघड्या घातल्या असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे ही वरमाय चालत असते. मुलीच्या आईकडे पाहा. काही घराण्यांत तर मंगलाष्टके चालू असता तिने मांडवात उभेही राहू नये, तुळशीला पाणी घालीत बसावे, अशी पद्धत होती. तिच्या वाट्याला मानाचे म्हणून एक वस्त्र येई. ते वराकडून येई आणि त्याचे नाव पोटझाकणीचे लुगडे. ज्या पोटी ही मुलगी जन्मली ते पोट झाकण्याचे वस्त्र! नावात माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याचा रंग, पोत आणि किंमत देणाऱ्याने ठरवायची, घेणारीने फक्त पदर पुढे करायचा. एका बाईच्या पायाखाली न मागता कापड येते आणि दुसरीला अंगावरचेही दुसऱ्याच्या पसंतीचे मिळते, एवढा फरक लग्नाच्या एका मांडवात होता.

दुसरी सत्ता जातीची. कोणत्या जातीच्या बाईने लुगडे कसे नेसावे, किती खाली सोडावे, अंगावर कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे गाव ठरवीत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. तुमच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या जाडजूड दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ती खूण टाकून द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. तिथल्या तिथे बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. लुगडे तेच होते, त्याला नवा पैसा लागला नाही. पण ते कसे नेसायचे हे त्या दिवशी त्या बायांनी स्वतः ठरवले. वस्त्राच्या इतिहासात या प्रसंगाला आम्ही मोठी जागा देतो.

तिसरी सत्ता मरणाची. नवरा गेला की बाईच्या अंगावरचा रंग जाई. ब्राह्मण घरांत केशवपन होऊन लाल आलवण येई. इतर पुष्कळ जातींत केशवपन नसले तरी हिरव्या बांगड्या आणि कुंकू जाईच. अशा बाईच्या मुलीचे लग्न निघाले म्हणजे कन्यादानाला दीर-जाऊ बसत आणि जिने मुलगी वाढवली ती माजघरात भांडी मोजीत राही. तिने काय नेसावे, हा प्रश्न कोणाला पडतच नसे.

आता आमच्या गावाकडे येऊ. कापडाचा विषय येथे रूढीतून निघून बाजारात येतो. या भागातल्या बायका पूर्वी इरकल नेसत. इरकल म्हणजे आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असलेल्या इळकल गावचे हातमागाचे लुगडे. अंग सुती, पदर तांबडा रेशमी. पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याशी फासे घालून जोडतात. त्याच मुलखातल्या गुळेदगुड्डचा खण चोळीला. असे लुगडे घेणे म्हणजे शेतकऱ्याच्या घरी सणच. मग १९०४ साली जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या अमदानीत विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे गल्लोगल्ली माग झाले. त्यांवर प्रामुख्याने निघे ते नऊवारी लुगडेच. नऊ वार म्हणजे २७ फूट कापड. हातमागावर जे दिवसांच्या हिशोबाने होई ते यंत्रावर तासांच्या हिशोबाने होऊ लागले, भाव उतरला आणि कष्टकरी बाईच्या पेटीत दुसरे लुगडे आले. यंत्राला शिव्या देणारे पुष्कळ आहेत, आणि हातमागवाल्यांच्या पोटावर पाय आला हेही खरे. पण बाईला दोन लुगड्यांतून एक निवडता येऊ लागले ते या यंत्रामुळे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

ही निवड टिकावू नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कापड महागले, मिळेनासे झाले आणि १९४३ साली सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रण बसवावे लागले. त्या वर्षांत लग्न काढणे म्हणजे कापडासाठी रांगेत उभे राहणे. नवरीपुरते मिळाले तरी भाग्य, तेथे आईचे कोण विचारतो? आमच्या आजीच्या तोंडी त्या काळाचे एकच वाक्य असे: "पोरीला नवं, मला धुवट." स्वातंत्र्यानंतर हळूहळू कापड मुबलक झाले, तो मुलींनी पाचवारी धरली. लुगड्याला गिऱ्हाईक कमी झाले तशी आमच्या गावच्या मागांवर धोतर, पॉपलिन, केंब्रिक अशी कापडे चढली. पुढे सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. स्वस्त, चकचकीत, न विटणाऱ्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांचे काम यंत्रमागांच्या गावांकडे सरकले. आमच्याकडे माग वाढले, पण मजुरी पिकाच्या हिशोबाने आणि पाळी बारा तासांची. म्हणजे कापड वाढले, कापड विणणाऱ्याच्या घरचा बस्ता मात्र उधारीवरच राहिला.

याचा दाखला आमच्याच घरातला आहे. १९८६ साली थोरल्या बहिणीचे लग्न झाले. वडील माग चालवीत, आई कांड्या भरी. दोघांच्या हातून आठवड्याला किती कापड जात असेल याचा हिशोब नको. त्या लग्नात आईने नेसलेले इरकल शेजारणीचे होते. जेवणाच्या पंगतीत ती बसली नाही. वाढताना आमटीचे भांडे तिने दुसऱ्या कोणाच्या हाती दिले आणि आपण मीठ वाढले. आम्हांला वाटले, आई थकली आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी तिने सांगितले, "डाग पडला असता तर भरून कुठनं दिलं असतं?" वराकडून आलेली पोटझाकणीची साडी तिने घडीही न मोडता ट्रंकेत ठेवली आणि दोन वर्षांनी भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून दिली. आहेराच्या साड्या अशाच फिरत राहतात, नेसत त्या कोणीच नाही.

आमच्या चळवळीला साध्या लग्नाची जुनी शिकवण आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह भटजीवाचून व बडेजावावाचून लागला. त्याच समाजाच्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. कर्ज काढून लग्न करू नका, हा उपदेश आम्हांला या वारशातून मिळाला आणि तो आम्ही पत्रके छापून वाटला.

असेच एक पत्रक घेऊन २०११ साली कांड्या भरणारी एक बाई आमच्या कचेरीत आली. नवरा जाऊन सहा वर्षे झालेली, मुलीचे लग्न मे महिन्यात. मालकाकडून उचल मिळवून द्यावी, एवढे तिचे मागणे. कशाकशासाठी हवी, असे आम्ही विचारले. शेवटी ती म्हणाली, अकराशे रुपये माझ्या लुगड्याला. आम्ही पत्रकाकडे बोट दाखवले आणि म्हणालो, बाई, साडी पाचशेतही येते. ती रागावली नाही. म्हणाली, "दादा, तुमचं पत्रक बरोबर आहे. मी डीजे लावत नाही, घोडा आणत नाही. पर आजवर मी अंगावर घातलं ते एक तर दुसऱ्यानं दिलेलं, न्हाई तर दुसऱ्यानं टाकलेलं. ह्ये एक मला बघून घ्यायचं आहे."

आम्हांला उत्तर सुचले नाही. काटकसर सांगताना ती कोणाच्या वाट्याची कापायची, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. साध्या लग्नाच्या नावाने बस्त्यातले जे लुगडे प्रथम कापले जाई ते हेच, शेवटचे! उचल मिळाली, ती पुढे सहा महिने मजुरीतून कापली गेली. बाईने डाळिंबी रंगाचे इरकल घेतले. दुकानात तिने नऊ घड्या मोडायला लावल्या, असे तिची मुलगी हसत सांगत होती.

लग्नाला आम्ही गेलो होतो. ती मांडवात आली, पण कडेच्या खांबाशी उभी राहिली. कन्यादानाला दीर-जाऊच बसले. हळदीकुंकवाचे ताट फिरत तिच्यापर्यंत आले, क्षणभर थांबले आणि पुढे गेले. तिने पदर सारखा केला आणि अक्षता टाकल्या. लुगडे तिने निवडले होते, जागा अजून दुसऱ्याच निवडीत होते. यात आम्हीही आलो, कारण आम्ही तेथे होतो आणि ताट पुढे गेलेले पाहून गप्प बसलो.

मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावाने ताट लगेच थांबते असे नाही. परंतु महाडच्या बायकांनी जे स्वतःच्या अंगावर केले, त्याचे गावाने आपल्या कागदावर नाव घातले, हे थोडे नव्हे.

श्रोतेहो, या हंगामात तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बस्ते बांधले जातील. खर्च कमी करा, कर्ज काढू नका, हे आम्ही आजही सांगू. मात्र यादी काढायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीवर मुलीच्या आईचे नाव लिहा आणि पुढची जागा मोकळी ठेवा. ती तिने भरायची आहे. आणि ती "घरात आहे एक" म्हणाली, तर ते कोणाचे आहे, एवढे विचारा.