भाऊचा धक्का : कोकणच्या वाटेचा उंबरठा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कर्नाक बंदर व क्लेअर बंदर यांस गव्हर्नरांची नावे मिळाली. परंतु लोकांच्या तोंडी कायमचे बसले ते एका देशी गृहस्थाचे नाव. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य हे कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी समुद्रात भर घालून धक्का बांधविला. मूळ धक्का कर्नाक बंदराच्या बाजूस होता. आजचा माझगावचा धक्का ती जागा नव्हे. जागा बदलली, नाव मात्र लोकांनी सोबत आणले.

कोकणातील आमच्या वाडवडिलांस मुंबईची पहिली ओळख या धक्क्यानेच झाली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे घेत आगबोट जाई. पुष्कळ ठिकाणी बोट काठास लागत नसे. भरसमुद्रात पडावातून चढउतार करावी लागे. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद होई व मुंबईकर चाकरमानी गावास पारखा होई.

या वाटेने बळीही घेतले. दि. १७ जुलै १९४७ रोजी, दिव्यांच्या अवसेस, ‘रामदास’ बोट सकाळी येथूनच रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळीबांधवांनी मचवे घालून कित्येकांस वाचविले. त्यांचे हे ऋण आपण विसरता कामा नये.

पुढे रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि गोव्यापर्यंतची ती जुनी आगबोट इतिहासजमा झाली. तथापि धक्का ओस पडला नाही. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून आजही माणसे मोरा व रेवसच्या लाँचा गाठतात. १५ मार्च २०२० पासून मांडव्यास मोटारींसह नेणारी रो-रो बोटही येथूनच सुटते. सुमारे एका तासात ती पैलतीर गाठते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू व उरणची लोकल, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली. तेव्हा खाडीपलीकडे जाण्यास आता पाण्याचीच वाट धरावी लागते असे नाही.

म्हणूनच आमची एक विनंती आहे. ज्यांनी आगबोटीचा प्रवास केला अशी वडीलधारी माणसे घरोघरी थोडीच उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून गावचे बंदर, पडावाचा तांडेल, बरोबर आणलेली वळकटी व मुंबईतील पहिला मुक्काम, हे सारे एका वहीत उतरवून घ्यावे. धक्क्याचे नाव लोकांनी राखले. धक्क्यावर उतरलेल्यांची नावे राखणे हे आपणा कुटुंबीयांचेच काम होय.