पाण्याच्या घड्या

माणसाचं डोकं तापलं की त्यावर पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, हा शोध कोणा शास्त्रज्ञाने लावलेला नाही. तो आज्यांनी लावला. त्याबद्दल त्यांना ना नोबेल मिळालं, ना पेन्शन. पुढे विसाव्या शतकात संगणक नावाचं एक डोकं जन्माला आलं. तेही तापतं असं दिसताच मोठमोठ्या कंपन्यांनी इंजिनियरांच्या फौजा बसवून जो उपाय काढला, तो हाच. फक्त घडीला त्यांनी इंग्रजी नाव दिलं आणि वेगळं बिल लावलं.

संगणक तापतो का, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला चटकन कळतं. जमा तेवढी नावे! भिंतीतल्या सॉकेटमधून जेवढी वीज आत जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. तुम्ही त्याच्यावर लग्नाच्या आमंत्रणांची यादी करा नाहीतर चंद्रावर यान पाठवा, ताळेबंदात फरक नाही. ५०० वॅट आत, ५०० वॅट बाहेर. ही उष्णता बुडीत खात्यात टाकता येत नाही. ती फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळती करता येते. संगणक थंड ठेवण्याचा सगळा इतिहास म्हणजे या वळत्या नोंदींची कीर्द आहे.

पहिलं पान फिलाडेल्फियाचं. १९४६ साली तिथे ‘एनियाक’ नावाचा संगणक जगापुढे आला. वजन सुमारे ३० टन, पोटात जवळजवळ १८,००० व्हॉल्व्ह आणि भूक १५० किलोवॅटची. आपल्या जुन्या रेडिओतले पाच-सहा व्हॉल्व्ह तापले तरी मांजर त्यावर जाऊन झोपत असे. इथे १८,०००! त्याला थंड ठेवायला मोठमोठे पंखे होते, आणि ते आवाज करीत. पण तक्रार कोण करणार? तोफगोळ्यांची गणितं करायला बांधलेल्या यंत्राला ‘जरा हळू’ म्हणण्याची पद्धत नाही.

पाणी आलं ते साठच्या दशकात. आयबीएमच्या ३६० मालिकेतलं ‘मॉडेल ९१’ हे धिप्पाड यंत्र १९६७ साली ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात पोचलं. त्याच्या पोटातल्या हवेचा ताप पाण्याच्या नळ्या काढून नेत. कारण साधं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला हवा तीन हजार लिटरांहून जास्त लागते. म्हणजे हवा हा चिल्लर घेणारा गडी, आणि पाणी म्हणजे थेट कॅश व्हॅन. पुढे १९८० साली जाहीर झालेल्या ‘३०८१’मध्ये तर एकेका डबीत शंभराहून अधिक चिपा, प्रत्येक चिपेच्या डोक्यावर स्प्रिंगने टेकलेला एक चिमुकला दट्ट्या, सभोवती हेलियम वायू आणि वर गार पाण्याची थाळी. इतकी शुश्रूषा आमच्याकडे फक्त जावयाची होते.

त्याच काळात सेमूर क्रे नावाचा एक अवलिया अमेरिकेत जगातले सर्वांत वेगवान संगणक बांधत होता. त्याचा ‘क्रे-१’ १९७६ साली लॉस अ‍ॅलामॉसला बसला. आकार इंग्रजी सी अक्षरासारखा, पोटात फ्रिजमधला फ्रिऑन, आणि खाली गोलाकार बाक! बाकाच्या आत वीजपुरवठ्याची यंत्रं होती. पण आमच्या मते जगातला हा एकमेव संगणक, जो पाहुण्याला ‘बसा’ म्हणत असे. १९८५ सालच्या ‘क्रे-२’मध्ये त्याने घड्यांचा नाद सोडला आणि रोग्याला सरळ टबातच बसवलं. वीज न वाहणाऱ्या एका द्रवात अख्खी सर्किटं बुडवलेली. काचेपलीकडे बुडबुडे दिसत, म्हणून लोकांनी त्याचं नावच ‘बबल्स’ पाडलं.

या यंत्रांना एक सुख होतं. ती ऑफिसात राहत. आमच्या शाखेत आजही तेच आहे. सर्व्हरला स्वतंत्र खोली आणि दोन एसी. कारकुनाला छताचा पंखा, तोही रेग्युलेटर दोनवर अडकलेला. तक्रार केली तर वरचे म्हणतात, “अहो, ते मशीन आहे, बंद पडेल!” आम्ही बंद पडत नाही हाच आमचा दोष.

भानगड झाली ती संगणक घरात शिरला तेव्हा. स्टीव्ह जॉब्झ या गृहस्थांना पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. त्यांनी १९८० च्या ‘अ‍ॅपल-३’ला पंखा लावूच दिला नाही. यंत्र तापून चिपा खोबणीतून सैल होत. त्यावर अधिकृत उपाय निघाला तो असा: संगणक टेबलापासून काही इंच उचलायचा आणि सोडून द्यायचा! आपला रेडिओ थोबाडीत मारून दुरुस्त होत असे, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

१९९३ साली पेंटियम आला आणि चिपेच्या डोक्यावर पंखा बसणं नेहमीचं झालं. २००४ पर्यंत चिपा शंभर वॅटच्या आसपास पोचल्या. म्हणजे जुन्या काळचा पिवळा बल्ब नखाएवढ्या जागेत! त्याच वर्षी इंटेलने ‘टेजस’ ही आणखी तापट चिप रद्द केली. अ‍ॅपलने मात्र तेव्हा ‘पॉवरमॅक जी-५’मध्ये द्रव खेळवला. पुढे त्यातली काही यंत्रं गळली. इथे आपल्या माठाचं आणि या संगणकाचं भांडण आहे. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. संगणक पाझरला की संपला.

पण कंपन्यांच्या आधीच हौशी मंडळी कामाला लागली होती. मोटारीतल्या हीटरचा रेडिएटर, मासे पाळायच्या टाकीचा पंप आणि तांब्याचा ठोकळा यांच्या बळावर त्यांनी घरोघर जलसंस्कार केले. आमच्या भाच्याने गेल्या दिवाळीत असाच एक बांधला. “मामा, युक्ती पाण्यात नाहीये, पंख्यात आहे,” तो म्हणाला. पाणी फक्त हमाल. ते उष्णता उचलून लांब, मोठ्या रेडिएटरपर्यंत नेतं. तिथे जागा मोकळी असल्यामुळे मोठे पंखे सावकाश फिरले तरी भागतं, आणि पंख्याचा वेग उतरला की आवाज त्याहून झपाट्याने उतरतो. पंपाखाली रबर, नळीत हवेचा बुडबुडा नाही, तांब्याच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियम नाही (दोघांचं पाण्यात पटत नाही, एक दुसऱ्याला खातो), आणि डिस्टिल्ड वॉटर. वीज जोडण्याआधी चोवीस तास नुसता पंप चालवून, सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून गळती बघायची. आमच्या सोसायटीचं प्लंबिंग एवढ्या काळजीने झालं असतं तर खालच्या मजल्यावरचे आमच्याशी बोलत असते.

आमच्या अण्णांची झोप अतिशय सावध. भाचा हॉलमध्ये रात्री बारापर्यंत काम करी आणि जुन्या डब्याची घरघर ऐकत अण्णा कूस बदलत. नवा संगणक सुरू झाला त्या रात्री अण्णा उठून बसले आणि म्हणाले, “लाइट गेले काय रे?” भाच्याला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळालं नसेल. त्यानंतर आठवडाभर अण्णा सलग सहा तास झोपत होते. पंच्याऐंशीव्या वर्षी ही रक्कम लहान नाही.

मात्र आमच्यातला कारकून गप्प बसेना. आवाज गेला, पण उष्णता? ती खोलीतच होती, फक्त गुपचूप. मे महिन्यात हॉल जास्तच तापला. वळती नोंद!

हाच हिशोब आता मोठ्या आकड्यांत चालू आहे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही पाण्यानेच थंड राहतो. नावात ब्रह्म असलं तरी ताप कोणाला चुकला? आणि आमच्या खिशातला मोबाइल मुका असतो, कारण त्याचं निम्मं डोकं दुसरीकडे, नवी मुंबईत ऐरोली-महापेला आहेत तसल्या डेटा सेंटरांत घरघरत असतं. अशा अनेक मोठ्या केंद्रांत पाण्याची वाफ करून उष्णता आकाशात सोडतात. ते पाणी डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतून येत नाही. ते कुठल्या तरी धरणाच्या खात्यातून येतं, आणि त्याच खात्यावर कुठल्या तरी वाडीचा हंडाही असतो.

यंत्रांनी पाणी पिऊ नये असं आमचं म्हणणं नाही. आल्या-गेल्याला पाणी विचारावं, ही आपली रीतच आहे. फक्त पासबुकात ती नोंद दिसावी, आणि हंड्याची रक्कम आधी वजा करून मग शिल्लक काढावी. बँकेत आम्हाला एवढंच शिकवलं आहे.